खर्जाची तार

अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख बाळगणाऱ्या या शिलाहारकालीन देवालयात दर्शनास जाणाऱ्याला सभामंडपातून पायऱ्या उतरून काळोखात जावे लागते, आणि स्वरोपचाराच्या माझ्या व्यवसायाची खरी दीक्षा मला याच पायऱ्यांवर मिळाली असे मी मानतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील विषण्णतेने ग्रासलेल्या माणसांसमोर मिरजेचा तंबोरा घेऊन बसू लागलो, तेव्हा माझा शिरस्ता निराळा होता. खिन्न माणसाला प्रसन्न राग ऐकवावा, लय चढती ठेवावी, म्हणजे मन आपोआप वर येईल, अशी माझी समजूत होती. उल्हासनगरच्या एका बाईंनी कानांवर हात ठेवून "पुरे करा" एवढेच म्हटले आणि ती समजूत कायमची मोडली. काळोखात बसलेल्याला वर ओढण्याआधी आपणच त्याच्या पातळीला उतरावे लागते, हे मला मंदिराच्या त्या पायऱ्यांनी शिकवले.

पुढे बदलापूरचे एक गृहस्थ भेटले. अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे लेथवर उभे राहिलेले, भोंग्याच्या हुकमावर उठण्याजेवण्याची सवय जडलेले हे काका निवृत्तीनंतर भिंतीकडे तोंड करून निजून राहू लागले होते. डॉक्टरांची औषधे सुरू होती. "काका, तंबोरा लावू का?" या प्रश्नाला "हं" एवढाच रुकार मिळाला, तो "हं" ज्या स्वरात उमटला, तोच मी षड्ज धरला. काळी एक या पट्टीत जुळलेला तंबोरा खुंट्या सैल करीत पांढरी सातपर्यंत उतरवला, उतरलेल्या तारांची जवारी, म्हणजे त्यांचा गुंजणारा झंकार, बिघडली म्हणून घोडीवरचा सुती दोरा केसाएवढा मागेपुढे सरकवला, मणी फिरवले, आणि खर्जाची चौथी तार खुलल्यावर अर्धा तास दुसरे काहीही वाजवले नाही.

तिसऱ्या आठवड्यात ते कुशीवर वळून म्हणाले, "अहो, चौथ्या तारेत आणखी कोणीतरी बोलतंय." तो गंधार होता, कोणत्याही तारेवर न लावलेला, खर्जाच्या कंपनातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार. मी तंबोरा त्यांच्याच हाती दिला, आणि घट्टे पडलेल्या त्या बोटांनी पहिली तार छेडली तेव्हा त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे झोप सुधारली, काका भाजी आणायला बाहेर पडू लागले. मधले काही दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून गेले, हेही नमूद केले पाहिजे.

फिनलंडमध्ये ७९ विषण्ण रुग्णांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या कामी मोलाचा वाटतो, कारण तेथे रुग्णांनी नुसते ऐकले नाही, उपचारकाबरोबर स्वतः वाद्ये वाजवली. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्या रुग्णांत तीन महिन्यांनी, ती न मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारणा आढळली. सहाव्या महिन्यात मात्र तो फरक ठळक राहिला नव्हता. म्हणून स्वरोपचाराला मी जोड म्हणतो, इलाज म्हणत नाही, आणि औषधे सोडायला सांगणाऱ्या स्वरोपचारकाला आपल्या घराचा उंबरा ओलांडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या घरात कोणी असे भिंतीकडे वळून निजले असेल, तर प्रथम डॉक्टरांकडे न्या. तूर्त ते शक्य नसेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.