एडिंबराच्या किल्ल्यावर असईचा हत्ती

एडिंबराचा किल्ला पाहायला गेलात, तर राजमुकुटाच्या रांगेत उभं राहण्याआधी एक चौकशी जरूर करा. आज जुन्या काळच्या शिपायांचा प्रयोग आहे का? आम्हाला ही मंडळी जूनमधल्या एका शनिवारी भेटली. ताईचा दहा वर्षांचा मुलगा तिथून हलेचना आणि मुकुट राहूनच गेला. त्याची खंत नाही.

काळ नेपोलियनशी चाललेल्या लढायांचा, म्हणजे १८०० ते १८१५ च्या आसपासचा. लाल कोट, छातीवर पांढरे आडवे पट्टे आणि गळ्याला कातड्याची पट्टी. ती इतकी ताठ, की मान खाली घालणंच मुश्कील. शिपायाने ठासणीची बंदूक भरून दाखवली. कागदाची पुडी दातांनी फाडायची, चिमूटभर दारू रंजकासाठी चापापाशी टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वर गोळी घालायची आणि गजाने ठासायची. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही, म्हणून रांगेत उभं राहून सगळ्यांनी एकदम बार करायचा. (प्रयोगात गोळी नसते, नुसती दारू. तरी भाच्याने कान सोडले नाहीत.)

मला मात्र जास्त आवडली ती पलीकडे कपडे धुणारी बाई. ती शिपायाच्या बायकोची भूमिका करत होती. बराकीत नवरा-बायकोला वेगळी खोली नसे. सगळ्यांच्या मध्येच एक पडदा लावायचा, तोच संसार. पलटणीचं धुणं धुऊन चार पैसे मिळवायचे. पलटण समुद्रापार निघाली, की शंभर शिपायांमागे साधारण सहाच बायकांना सोबत जाता येई. त्यासाठी चिठ्ठ्या टाकत. ‘जायचं’ निघालं तर जहाजावर, ‘नाही जायचं’ निघालं तर मुलांना घेऊन धक्क्यावरून परत. हे सांगताना तिने टोपीतून खरोखर चिठ्ठी उचलायला लावली. ताईला ‘नाही’ आली.

पायदळाच्या शिपायाला रोज एक शिलिंग, त्यातूनच जेवणाचे पैसे कापायचे. त्यांच्यासाठी १७९९ मध्ये पुरी झालेली सहाशे माणसांची उंच बराक किल्ल्यावर अजून उभी आहे. खालच्या तळघरांत युद्धकैदी असत. १८११ मध्ये त्यांतले ४९ जण भिंतीला भोक पाडून पसार झाले होते!

किल्ल्याच्या दारापुढच्या मैदानात ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक आहे. ते १८५७-५८ मध्ये आपल्याकडे मेलेल्या त्यांच्या माणसांचं. त्यावर कोरलेला हत्ती पाहून भाचा थबकला. स्कॉटलंडमध्ये हत्ती कशाला? तो असईचा हत्ती. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यात ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी होत्या आणि त्याबद्दल त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं. विजय स्वस्तात पडला नाही. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, पण वेलस्लीचीही दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. ७४ वी तर जवळजवळ संपलीच.

भाच्याने त्या लाल कोटवाल्याला विचारलं, “समोरचा शिपाई काय खायचा?” त्याने प्रामाणिकपणे मान हलवली. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी ग्वाल्हेरचा.

समोरचा शिपाईही याच तऱ्हेची पुडी दातांनी फाडत होता. महादजींनी द बॉयन्यकडून तयार करवलेल्या कवायती पलटणी त्या. असईला त्यांच्यावर पोलमन नावाचा जर्मन अधिकारी होता आणि शिपाई बहुतेक अवध-अंतर्वेदीतले. म्हणजे ‘मराठी फौज’ म्हणताना डोळ्यांपुढे येतो तो भालाईत इथे फारसा नव्हताच. अशा पलटणींच्या जथ्याला ‘कंपू’ म्हणत. आज आपण मित्रांच्या टोळक्याला कंपू म्हणतो आणि आपल्या कंपू भागातून रोज स्कूटर नेतो. ‘लष्कर’ हे नावही तसंच. असईनंतर काही वर्षांनी, १८१० च्या सुमारास, त्याच दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली आणि तिचंच शहर झालं. आपण राहतो ती त्यांची छावणी आहे.

पण त्या छावणीत चूल कोण पेटवायचं, पगार थकला की बायका काय करायच्या, शिपाई पडला तर त्याच्या घरी कळवायचं कोण, हे दाखवणारी बाई आपल्या किल्ल्यावर मला अजून भेटलेली नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमांत राजे असतात, तलवारी असतात. धुणं नसतं.

लष्करातल्या जुन्या घरांच्या पेट्यांत पलटणीच्या हजेरीचे, पगाराचे मोडी कागद असतील, तर रद्दीत घालण्याआधी फोटो काढून ठेवा. वाचायला मोडी येणारं कुणीतरी शोधता येईल. भाच्याला उत्तर द्यायचं आहे.