परसातला उकिरडा

आमच्या साताऱ्याकडच्या घरी उकिरडा गोठ्यामागे होता. शेण, गुरांनी सोडलेली वैरण, चुलीतली राख, भाजीची देठं, सगळं त्यातच जायचं. पावसाच्या तोंडावर ते खत रानात पडलं की आजोबा किती गाड्या भरल्या यावरून पिकाचा अंदाज बांधत. फेकून द्यावं असं घरात काही उरतच नसे.

लग्नानंतर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आले. इथे तीच देठं पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवायची. सकाळी पिशवी गायब. शहराच्या या पिशव्या वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत जाऊन पडत होत्या. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मी खेड्यातली. आपली घाण दुसऱ्याच्या शिवारात टाकणं हा अन्यायच आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आता तळमजल्याचं घर आहे, मागे छोटं परस. तिथे विटांवर एक जुनं प्लास्टिकचं पिंप ठेवलं आहे. तळाला आणि अंगाला भोकं, तळात नारळाच्या शेंड्या, वर पाचोळा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर दुप्पट पाचोळा. सुरुवातीला मूठभर जुनं खत विरजणासारखं घातलं. तीन-चार दिवसांत हात जवळ नेला तरी ऊब लागायला लागली. आतले जिवाणू कामाला लागले की ढीग पन्नास अंशांच्याही वर तापतो. ओल किती हवी? मूठभर घेऊन दाबावं. एखादा थेंब सुटला तर बरोबर, धार लागली तर पाचोळा कमी पडला. हवा खेळली नाही की वास सुटतो, म्हणून आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करायचं. कधी करड्या, जाड अळ्या दिसतात. त्यांना राहू द्यावं. कचरा त्या आपल्यापेक्षा झपाट्याने संपवतात.

हे थर लावणं, उलथणं इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला शास्त्रशुद्ध बसवलं. १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आजोबांच्या उकिरड्यात आणि माझ्या पिंपात फरक असलाच तर हवेचा आहे.

दोन-अडीच महिन्यांनी तळातून काळंभोर, भुसभुशीत खत निघतं. चाळून कढीपत्त्याला आणि गवती चहाला घालते, उरलेलं शेजारी नेतात.

फाल्गुन-चैत्रात रस्त्याकडेला पाचोळ्याचे ढीग पेटवलेले दिसतात, तेव्हा जीव तुटतो. तो जाळू नका. दोन पोती भरून घरी आणा. पिंप सुरू करायला तेवढं पुरतं.