गाडी गेली, बाकी उरली

राहुरी, रविवार रात्र

धाकट्या भावाची पिकअप हप्ते थकले म्हणून ओढून नेली, लिलावात विकली. तरी आज उरलेल्या बाकीची नोटीस आली. आई सारखी विचारते, "गाडी नेली ना, मग आता कसले पैसे?" उत्तर कडू आहे. मुद्दल, व्याज, दंड आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च यांतून लिलावाची रक्कम वजा होते. उरलेलं कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या डोक्यावर राहतं.

पण बाकी आहे म्हणून अब्रू गहाण पडत नाही. वसुलीसाठी गुंड धाडण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक ताशेरे ओढले. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली.

उद्या भावाला सांगणार आहे: आधी खातेउतारा आणि लिलावाचा हिशेब लेखी माग. गाडी कितीला गेली, हे तुला कळलंच पाहिजे. मग लोकअदालतीत तडजोडीला बसू. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. पैसे भरले की बेबाकी दाखला घ्यायचाच.

कर्ज फेडू. पै न् पैचा हिशेब बघून, मान ताठ ठेवून फेडू.