पदवीदानाच्या आदल्या रात्रीचे जागरण

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणप्रवासातील एखादी आठवण लिहावी, असे संपादक मंडळाने कळविले. तेव्हा मला माझा पदवीदान समारंभ नव्हे, तर त्याची आदली रात्र आठवली. समारंभातील भाषणे आता स्मरणात नाहीत. ती रात्र मात्र तीस वर्षांनंतरही जशीच्या तशी आठवते.

इतिहास विषयात मी एम.ए. झालो तो काळ साधा नव्हता. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केला होता. तेव्हापासून साडेपंधरा वर्षे समाजाने या नावासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, पेटलेली घरे पाहिली. पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांच्यासारख्या भीमसैनिकांनी प्राण दिले. त्यानंतर झालेल्या समारंभात मिळणाऱ्या माझ्या पदवीपत्रावर हे नाव छापलेले असणार होते.

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावाहून माय आणि दादा दोन दिवसांचा रोज बुडवून एस.टी.ने औरंगाबादला आले. आम्ही नागसेनवनात एका मित्राच्या खोलीवर उतरलो. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार उघडले ते मिलिंद महाविद्यालय याच परिसरात आहे. मायने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. अनामत भरून आणलेला गाऊन मी खुंटीला अडकवला, तेव्हा तिने विचारले, "हा वकिलाचा कोट का रं?" मित्र हसले, तीही हसली. मग तिने पदराला हात पुसून त्या कापडाला हलकेच स्पर्श केला.

मित्रांची धांदल वेगळीच होती. कोणी उसन्या बुटांना पॉलिश करीत होता, कोणी तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री करीत होता. झोप कोणालाच येत नव्हती.

दादा आयुष्यभर सालगडी राहिले. नामांतराच्या सत्याग्रहात त्यांनी अकरा दिवस तुरुंगात काढले होते. अक्षरओळख नव्हती, पण 'आंबेडकर' हा शब्द त्याच्या वळणावरून ते बरोबर ओळखत. रात्री दोनदा उठून त्यांनी गाऊन खुंटीवर असल्याची खात्री करून घेतली. शेवटी ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "उद्याच्या कागदावर बाबासाहेबाचं नाव असंल ना रं?"

"हो दादा. अगदी वर, मोठ्या अक्षरांत."

"मग मला वाचता येईल," एवढेच ते म्हणाले.

इतिहास शिकवताना मला सुभेदार रामजी नेहमी आठवतात. परळच्या चाळीतील एकाच खोलीत संसार असल्याने ते रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः झोपत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एम.ए.ची पदवी दिली, ती पाहायला ते हयात नव्हते. माझ्या दादांनी मात्र पदवीपत्र हाती घेतले आणि त्या नावावरून बोट फिरवले.

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. आजकाल अनेक जण समारंभाला न जाता पदवीपत्र टपालाने मागवतात. नोकरी, प्रवासखर्च या अडचणी मी जाणतो. तरीही शक्य असेल तर समारंभाला जा आणि आईवडिलांना आदल्या दिवशीच सोबत न्या. पदवी तुमच्या नावाची असली, तरी तिच्यासाठी त्यांनी किती रात्री जागून काढल्या याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. आदल्या रात्रीचा तो आनंद त्यांच्या हक्काचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!