ओरेनचे बी, उंदीर आणि घुबड

आमच्या वस्तीला लागून ओरेनची, म्हणजे यरुशलेमच्या पाइनची, झाडे आहेत. केरेन कायेमेतने या देशात जी वने लावली त्यांत अनेक वर्षे याच झाडावर भर होता. त्याच्या लाकडी फळाला, इत्स्त्रुबालला, खवले असतात आणि एकेका खवल्याखाली दोन पंखवाल्या बिया. अलिबागला शाळेत जाताना आम्ही सुरूची बोंडे वेचत असू, ती यावरून आठवतात. पण सुरू पाइनच्या कुळातला नव्हे, दिसायला तेवढा सारखा.

झाडाखाली कधी कधी दाणे काढलेल्या कणसासारखी सोललेली फळे पडलेली असतात. आपल्याकडे खारीचे नाव घेतले असते. इथल्या या वनांत खारी नाहीत. हे काम काळ्या उंदराचे. तेल अवीव विद्यापीठात प्रोफेसर योसेफ तेर्केल आणि रान आयस्नेर यांनी त्याचा कसून अभ्यास केला. उंदीर बुडाकडून सुरुवात करतो आणि गोल गोल जात एकेक खवला उतरवतो. ज्याला हे येत नाही तो कुठेही कुरतडतो, आणि मिळते त्याहून जास्त शक्ती घालवतो. मोठ्या उंदराला सहसा हे नव्याने जमत नाही. पण सोलणाऱ्या मादीजवळ वाढलेली पिले शिकतात, मग ती तिची असोत वा दुसरीची आणून ठेवलेली. ती तिच्या तोंडचे अर्धवट सोललेले फळ ओढून घेतात आणि पुढे सोलतात. बाळंतिणींच्या वॉर्डात माझी उमेद गेली. दत्तक पिलांची ही हकीकत मी दोनदा वाचली.

उत्तरेच्या थंड मुलखात स्प्रूसला एखाद्या वर्षी बियांचा पूर येतो, मग काही वर्षे जवळजवळ काहीच नाही. खारी वाढतात नि घटतात, आणि त्यांच्यावर झडप घालणाऱ्या बाज पक्ष्याच्या पोटालाही तीच चढउतार. कॅनडाच्या युकॉनमधल्या लाल खारी तर बी पिकण्याआधीच त्या साली जास्त पिले घालतात. त्यांना कसे कळते, देव जाणे! आमचा ओरेन तसा नाही. तो पुष्कळ फळे वर्षानुवर्षे बंदच ठेवतो. आग लागली किंवा शारव वाहू लागला की ती उघडतात. म्हणजे उंदराचे कोठार बारा महिने झाडावर, आणि उंदराच्या पाठी घुबड. घुबड घराजवळ बोलले की आमची आजी चिंतेत पडे. मला मात्र आता ते बोलले नाही की चिंता वाटते.

कारण आमच्या इमारतीच्या कमिटीला उंदरांसाठी विष टाकायचे आहे. जिन्यात उंदीर येतात ही तक्रार खोटी नाही. पण ते विष मला ठाऊक आहे. वॉरफॅरिन १९४८ साली उंदरांसाठी निघाले आणि १९५४ पासून माणसांना रक्त पातळ करायला देऊ लागले. मी ते रोज मोजून दिले आहे. आताची औषधे त्याच जातीची, पण फार जहाल. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मंद होऊन फिरतो, आणि असा उंदीर घुबडाला आयता सापडतो. विष त्याच्या यकृतातून घुबडाच्या यकृतात जाते. रुग्णाला आम्ही व्हिटॅमिन के टोचत असू, घुबडाला कोण टोचणार? १९७५-७६ च्या हिवाळ्यात हुला खोऱ्यात शेतातल्या उंदरांवर अ‍ॅझोड्रिन मारले, तेव्हा शेकडो शिकारी पक्षी मेले. ते विष वेगळे, वाट तीच. पुढे १९८३ पासून स्दे एलियाहू किबुत्झमध्ये गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावायला सुरुवात झाली, ती उगाच नव्हे.

मी कमिटीला म्हटले, आधी कचऱ्याच्या डब्यांना नीट झाकणे करा, पाइपाजवळची भोके सिमेंटने बुजवा, सापळे लावा. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "गेव्हेरेत, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, तुम्हाला सांगायला काय जाते?" त्यांच्या घरी रांगते मूल आहे, त्यांचे बोलणे मला टोचले. पण रांगत्या मुलाच्या हाती ते विष लागले तर काय होते, हे मी त्यांना सांगितले. रविवारी मते घेणार आहेत. तोवर एक पिंजरा मी माझ्या पैशाने त्यांच्या दारापाशी ठेवला आहे.