पोडाची वाट

यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघाले की जोडमोहा मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचे रान लागते. मधूनमधून कपाशी आणि तुरीची शेते, त्यांच्या मागे बुटक्या टेकड्यांची रांग. या टेकड्यांच्या आडोशाला कोलाम बांधवांच्या वस्त्या आहेत. त्या वस्तीला पोड म्हणतात आणि पोडाच्या प्रमुखाला नाईक. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची आदिम म्हणून नोंद आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामही येतात. त्यांची कोलामी बोली तेलुगू-गोंडीच्या कुळातली, पण बाहेरच्यांशी ते आपल्यासारखीच वऱ्हाडी बोलतात.

अशाच एका पोडावर जाणाऱ्या पायवाटेची डागडुजी आम्ही यवतमाळची काही मंडळी पोडातल्या लोकांबरोबर करतो. पोडाचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून माणसे येतील आणि मोहाखाली प्लास्टिक टाकून जातील, ही तिथल्या लोकांची धास्ती आम्हांला रास्त वाटते.

सुरुवातीला आम्ही तिथे नुसते चालायला जात होतो. शाळेतले दोन शिक्षक, एक गॅरेजवाले भाई, कॉलेजात शिकणाऱ्या तीन मुली आणि त्यांच्या अम्मी. फजरची नमाज झाली की निघायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. तीन किलोमीटरची चढण, वर सपाट खडक, तिथून दूरवर रान दिसते. आमच्यासाठी ती सहलीची वाट होती. पोडातल्या बायांसाठी तीच बाजाराची, रेशनची, दवाखान्याची वाट. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून त्याच वाटेने खाली आणावे लागते, हे त्यांच्याकडूनच कळले. वाटेतली एक घळ दर पावसात थोडी अधिक खचत होती. खाट धरणाऱ्या चौघांना तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

श्रमदान हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी भर उन्हाळ्यात टेकड्यांवर चर खोदणारी गावेच्या गावे आपण पाहिली आहेत. सह्याद्रीत तरुणांची मंडळे गडांच्या वाटा मोकळ्या करतात. अमेरिकेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ॲपालाचियन नावाची डोंगरवाट आहे. 1921 साली तिची कल्पना मांडली गेली आणि 1937 साली ती सलग झाली. आजही ठिकठिकाणच्या स्वयंसेवी मंडळांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत आणि आपापला तुकडा ती मंडळे सांभाळतात. आमच्या वाट्याला तीन किलोमीटर आले, ते आम्हांला पुरेसे आहेत.

रान सरकारी आहे, म्हणून पहिल्यांदा वनरक्षकांना भेटलो. हिरवे झाड तोडायचे नाही, वाट रुंद करायची नाही, विस्तव लावायचा नाही, या अटींवर त्यांनी होकार दिला. मग पोडाच्या नाईकांकडे गेलो. रविवारी येतो म्हटल्यावर ते हसले. कापूस वेचणीचे दिवस, रविवारी कोणालाच सवड नसते. मजुरांची सुट्टी बाजाराच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी. शिक्षकांनी रजा टाकली, भाईंनी गॅरेज बंद ठेवले.

नाईकांनी आधी आम्हांला वाटेवरून वरपर्यंत नेले. हातातल्या काठीने ते जागा दाखवत होते. पाणी कुठून उतरते, कुठे वाटेत शिरते, कुठे मुरूम वाहून नेते. म्हणाले, "पाण्याले आदी त्याची वाट द्या, मंग थे तुमच्या वाटेनं येनार नाई." पायवाट खराब होण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. माणसांच्या पायांनी वाट थोडी खोल होते, त्या खोलगटीत पाणी धावू लागते आणि चार पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो. नाला झाला की माणसे बाजूने चालतात, मग बाजूचीही माती सुटते.

उपाय जुनाच आहे. उताराला वाटेवर तिरपी दगडांची ओळ बसवायची. दगड निम्म्याहून अधिक जमिनीत गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात तो घरंगळतो. ओळीच्या खालच्या टोकाला चर काढून पाणी रानात सोडायचे. चढ जितका उभा, तितक्या ओळी जवळजवळ. सब्बल, टिकास, पावडे, घमेले, एवढीच हत्यारे. काळ्या खडकात सब्बल मारली की ठिणगी उडते आणि मनगटे बधिर होतात. पोडातली पोरे आमच्या दुप्पट वेगाने काम करत होती आणि आमच्या मुलींना घमेले कसे धरावे ते शिकवत होती. खचलेल्या घळीत खालून कोरड्या दगडांची भिंत रचून वाट पुन्हा दोन हात रुंद केली. खाट जाईल का, हे पाहण्यासाठी चौघांनी खरोखर खाट आणून, तिच्यावर एका पोराला निजवून ती नेऊन दाखवली. तो उतरायलाच तयार नव्हता.

दुसरे काम झुडपांचे. आपल्याकडे जिला रायमुनिया म्हणतात ती घाणेरी वाटेच्या दोन्ही बाजूंनी माणसाहून उंच वाढली होती. शहरातल्याला ती फुलझाडासारखी दिसते. पोडातल्या माणसाला तिच्या आड काय बसले असेल हे दिसत नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात ज्या वाघिणीला लोक अवनी म्हणत आणि वनखाते टी-1, तिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू सांगितले गेले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या रानात तिला गोळी घातली गेली. त्यावर देशभर वाद झाला, कोर्टकज्जे झाले. इथल्या बायांच्या मनातून ती अजून गेलेली नाही. टिपेश्वर अभयारण्यही लांब नाही, वाघ या रानातून फिरणारच. वळणावर वीस पावले पुढचे दिसले तर माणूसही सावध होतो आणि जनावरही बाजूला होते. म्हणून वळणे तेवढी मोकळी केली. बाकीची रायमुनिया तशीच ठेवली; ती मुळासकट काढणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जुहरला काम थांबवले. वुजूचे पाणी घरूनच नेले होते, वरच्या हातपंपावर भार नको म्हणून. मोहाच्या सावलीत चादरी टाकल्या तशी पोडातली मुले लांब बसून बघत राहिली. नमाजनंतर एका मावशींनी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली आणून मध्ये ठेवली. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी तिथेच मुलींना त्या हदीसची आठवण दिली, जीत वाटेवरची इजा देणारी वस्तू बाजूला करणे हाही सदका ठरवला आहे. यावर एका मुलीने विचारले, "मग सरकारने रस्ताच केला तर हा सदका कोणाचा?"

प्रश्न बरोबर होता. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे ग्रामसभेची शिफारस असेल तर अशा वस्तीसाठी वनजमिनीवर रस्ता मंजूर होऊ शकतो. जागा एक हेक्टरच्या आत हवी आणि हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडे पडता कामा नयेत. पोडाला तो रस्ता हवा आहे आणि तो मिळायलाच हवा. आमच्या पावड्याने ती मागणी मागे पडू नये, म्हणून आमच्यातल्या एका शिक्षकांनी नाईकांबरोबर बसून ग्रामसभेपुढे ठेवायचा अर्ज लिहून काढला आहे. रस्ता झाला तर आमची सहलीची वाट जाईल. त्यावरून आमच्यातच थोडी कुरकुर झाली, पण ती खाटेपुढे टिकणारी नव्हती.

तोवर काम चालूच आहे. रमजानात आम्ही जात नाही. ईदनंतर मोहफुलांचा हंगाम ओसरला की वाटेवरचा सागाचा पाचोळा झाडून काढायचा असतो. रानात वणवा लागला तर ही स्वच्छ पट्टी आगीला अडवायच्या कामी येते. तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटेच्या अंधारात निघतात, त्याआधी वळणे पुन्हा मोकळी करायची. शेवटची फेरी मृगाच्या आधी, गाळाने भरलेले चर उपसायला.

यवतमाळ, घाटंजी, पांढरकवडा भागातल्या ज्या वाचकांना यायचे असेल त्यांनी मंगळवार मोकळा ठेवावा, पाणी आणि भाकर आपली आणावी. सब्बली आमच्याकडे भरपूर आहेत, पावडी कमी पडतात.