क्रूझवरचा खून आणि मागचा झेंडा

डिसेंबर आला की मी एखादी हलकीफुलकी नाताळ-रहस्यकथा वाचतोच. क्रूझवरची असेल तर मजाच! ख्रिसमस ट्री, केक, कॅप्टनची पार्टी, पन्नासाव्या पानाच्या आत एक प्रेत, आणि बंदर यायच्या आधी कुणीतरी चौकस मावशी खुनी शोधून मोकळी.

खरोखर असं घडलं तर मात्र 'खुनी कोण?'च्या आधी 'तपास कुणाचा?' हा प्रश्न येतो. खुल्या समुद्रात मुख्यतः जहाजावर ज्याचा झेंडा, त्याचा कायदा. आणि बड्या क्रूझवर झेंडे बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा असे. म्हणूनच २०१० मध्ये अमेरिकेला वेगळा कायदा करून आपल्या नागरिकांबाबतचे गंभीर गुन्हे एफबीआयला कळवणं सक्तीचं करावं लागलं.

हे आपल्याला कशाला? कारण कथेत दोन वाक्यांपुरता येणारा, केबिन आवरणारा पोरगा अनेकदा गोव्याचा, कोकणातला असतो. घरी नाताळ, त्याची मात्र ड्युटी. आणि नोकरी त्याच परक्या झेंड्याखाली.

पण तो अगदीच निराधार नाही. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हा हक्क आहे, आणि तक्रार जहाजावरच नाही तर बंदरातल्या अधिकाऱ्यांकडेही करता येते.

तुमच्या वाड्यावरचं कुणी क्रूझवर निघालं असेल, तर बॅग भरतानाच त्याला एवढं नक्की सांगा. बाकी कादंबऱ्या वाचा, छान असतात!